सिंथच्या मागे दोन वाटा

कॉर्ग क्रोनॉसच्या मागच्या बाजूला अ‍ॅनालॉग आउटपुटचे जॅक आहेत, तसंच ऑप्टिकल डिजिटल आउटपुटही आहे. 2011 साली आलेल्या या सिंथमध्ये सूर आकड्यांतच घडतो. जॅकमधून बाहेर काढायचा तर त्या आकड्यांचा आधी विद्युतदाब होतो आणि रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये शिरल्यावर पुन्हा आकडे. ऑप्टिकल वाटेने ही दोन्ही रूपांतरं टळतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा आवाज थेट संगणकात उतरतो.

तरीही डिजिटल वाट सरसकट श्रेष्ठ ठरवणं मला पटत नाही. 1983 सालचा यामाहा डीएक्स-7 घ्या. त्याचा सूरही आकड्यांतलाच, पण डिजिटल आउटपुट नाही आणि आकड्यांचा विद्युतदाब करणारा आतला कन्व्हर्टर 12 बिटचा. विरत जाणाऱ्या सुराच्या शेवटी जी बारीक खरखर ऐकू येते, तिच्यावरच कित्येकांचा जीव आहे. तिथे कन्व्हर्टर हा वाद्याचाच अवयव. मिनीमूगसारख्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये तर सूर जन्मतोच विद्युतदाब म्हणून. तिथे डिजिटल वाटेचा प्रश्नच येत नाही.

आताचे कन्व्हर्टर इतके सुधारले आहेत की त्यांच्यामुळे पडणारा फरक कानाला क्वचितच कळतो. डिजिटल जोडणीत खरा घोळ होतो तो क्लॉकचा, म्हणजे आकड्यांचा वेग ठरवणाऱ्या आतल्या घड्याळाचा. सिंथ आणि इंटरफेस आपापल्या क्लॉकवर चालले, तर दोन्हीकडे 48 दिसत असूनही ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि चांगल्या वाजवलेल्या तुकड्यात मधेच ‘टक्’ असा आवाज येतो. इंटरफेसला बाहेरून येणारं क्लॉक पाळायला सांगितलं की हा त्रास थांबतो.

घरच्या स्टुडिओत ऑप्टिकल केबलचा आणखी एक मोठा फायदा आहे. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे अर्थिंगच्या गडबडीने अ‍ॅनालॉग केबलमधून येणारी 50 हर्ट्झची घरघर या जोडणीतून पुढे सरकत नाही.

दोन्ही आउटपुट घरी जरूर ताडून पाहा, पण आधी दोन्हींची पातळी सारखी करा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.