फाटकावरचे दोन लाल दिवे

रेल्वे फाटक पडले की आपण बेळगावकर कपाळाला आठ्या घालतो. आमच्या दादाच्या घरी मात्र फाटकाचे दिवे लुकलुकत नाहीत म्हणून सगळे हिरमुसले होते. हे फाटक प्लायवूडवरचे. नोकरी सांभाळून दादाने जमवलेली ही छोटी आगगाडी खरीच्या ८७ पट लहान, रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना कल्पना येईल.

फाटकाचा खांब अमेरिकन धाटणीचा. तिकडे दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकतात. आधी यातला एक दिवा जेमतेम विझू लागला, मग दोन्ही पेटूनच राहिले. "सर, हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या," दुकानदाराने सांगून टाकले. घेतलेही असते, पण फळीखालची एकेक तार दादाने स्वतः ओढलेली. पार्किन्सनमुळे आता त्याचा हात कापतो. तेव्हा तो सांगणार आणि मी करणार, असे ठरले. मी कॉलेजात मराठी शिकवतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे!

काडेपेटीएवढा बोर्ड. त्यावर दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर. एक ट्रान्झिस्टर चालू झाला की दुसऱ्याला झोपवतो, आणि तो किती वेळ झोपणार हे कपॅसिटर व रेझिस्टर ठरवतात. ४७ मायक्रोफॅरड आणि १५ हजार ओहम असतील तर सुमारे अर्धा सेकंद. डबीसारख्या या कपॅसिटरमध्ये ओलावा असतो, तो वर्षानुवर्षे वाळत जातो. मग झोप आखूड होते, आणि शेवटी दोन्ही ट्रान्झिस्टर जागेच राहतात. दुखणे दिव्यांनीच सांगितले होते म्हणायचे.

"दिवे पेटतायत ना? मग ट्रान्झिस्टर जिवंत आहेत. त्यांना हात लावू नकोस," दादा म्हणाला.

प्लग काढून बोर्ड उलटा केला. बिघडलेला कपॅसिटर एकच असणार, पण दोघे एकाच वयाचे, म्हणून दोन्ही बदलले. मायक्रोफॅरड तेवढेच हवे. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा बसवला तर कपॅसिटर फुगतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक पाय आणि तांबे दोन्हींना एकदम टेकवायचे, दोन-तीन सेकंदच. जास्त वेळ धरले तर तांब्याची पट्टी बोर्ड सोडते, आणि मग खरी पंचाईत. शेजारी बसून दादा "आता... उचल!" म्हणत होता. विद्यार्थ्यांवर मी कधी एवढा ओरडलेलो नाही.

कपॅसिटरना दहा रुपयेही पडले नाहीत.

प्लग लावला. डावा, उजवा, डावा. वहिनी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. दादाने मात्र घड्याळ काढले. खऱ्या अमेरिकन फाटकावर प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लुकलुकायला हवा. त्याने मिनिटभर मोजले. ५८ भरले.

"बसतंय," तो म्हणाला. "आता स्टेशनजवळच्या सिग्नलचा बोर्ड काढ."