रक्तदाबाचे दोन आकडे

दवाखान्याच्या कागदावर '120/80' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. हा अपूर्णांक नव्हे. हे दोन वेगळे दाब आहेत. हृदय आकुंचन पावून धमन्यांत रक्त ढकलते तेव्हाचा दाब वर लिहितात. ते प्रसरण पावते तेव्हाचा खाली. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात.

आता एक कोडे. समुद्रकाठच्या मुंबईत हवेचा दाब सुमारे 760 मिलिमीटर असतो. सुमारे 450 मीटर उंचीवरच्या आपल्या सोलापुरात तो सुमारे 720 भरतो. मग सोलापूरकराचा रक्तदाब मुंबईत 40 ने बदलेल काय? नाही. हवा शरीरावर आणि उपकरणावर सारखीच दाबते. रक्तदाबाचा आकडा म्हणजे हवेच्या दाबाहून जास्तीचा दाब!

तो मोजण्यासाठी दंडाला हवेचा पट्टा बांधतात. ही युक्ती इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये काढली. पट्टा फुगवला की धमनी दबते व रक्त थांबते. हवा हळूहळू सोडताना रक्त अरुंद वाटेने उसळते आणि स्टेथॉस्कोपमध्ये ठोके ऐकू येतात. पहिला ठोका तो वरचा दाब. आवाज नाहीसा होतो तो खालचा. हे आवाज रशियाच्या कोरोत्कोव यांनी 1905 मध्ये वर्णिले.

दंड हृदयाच्या पातळीवरच का ठेवायचा? पारा पाण्याच्या 13.6 पट जड, तर रक्त पाण्याहून किंचितच जड. म्हणून दंड 10 सेंटिमीटर खाली असेल, तर आकडा सुमारे 8 ने वाढतो. खरे 134 असताना 142 दिसतील! यासाठी पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून दाब मोजावा.

ही काळजी का? प्रौढांत वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, अथवा त्याहून अधिक आला, तर त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. (मुलांचे आकडे वयानुसार ठरतात.) एका मोजणीवरून घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. हा विकार बहुधा काहीच दुखवत नाही आणि आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडे यांना इजा करतो. म्हणून 'बरे वाटते' एवढ्यावरून आजोबांनी गोळ्या बंद करणे धोक्याचे. तो निर्णय डॉक्टरांचा. रोजचे मीठ एकूण 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे. चटणी, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरा.

घरातील मोठ्यांना आजच विचारा: तुमचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला होता?