स्थलनामे आणि नगररचनेचे संशोधन : धुळे व जळगाव

नगररचना हा विषय सामान्यतः वास्तुशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारला जातो. धुळे व जळगाव या दोन नगरांच्या आधारे त्याचे उत्तर देणे, आणि या विषयात नव्याने काम करणाऱ्यांनी आपले प्राथमिक निष्कर्ष कसे मांडावेत हे सुचविणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

दोन्ही नगरांच्या वाढीची कारणे भिन्न आहेत. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळ्यास कचेऱ्या उभारण्याची परवानगी मिळविली. पांझरा नदी आणि पाट यांच्यामध्ये वसलेल्या त्या गावाची वस्ती त्या साली अवघी २,५०९ होती. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या, आणि जुन्या धुळ्याशेजारी नवे धुळे उभे राहिले. जळगावची भरभराट मात्र लोहमार्ग व कापूस यांमुळे झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) ती कापसाची मोठी बाजारपेठ बनली. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले.

आता नावांकडे पाहू. धुळ्यात आग्रा रोडच्या परिसरातील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात : गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. जळगावात नवी पेठ, बळीराम पेठ, शनिपेठ, जिल्हा पेठ अशी नावे आढळतात. क्रमांक आखणीकडे बोट दाखवितो, ‘पेठ’ हा शब्द व्यापारी वसाहतीकडे. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. गल्ल्यांना क्रमांक आहेत म्हणून त्यांची आखणी ब्रिग्जने केली, असे सिद्ध होत नाही. ‘जिल्हा पेठ’ हे नाव १९०६ नंतरचे असावे, हेही अनुमानच होय. नगरपालिकेचे ठराव व सिटी सर्व्हेच्या नोंदी यांत त्या नावाचा पहिला दिनांकित उल्लेख सापडेल, तेव्हाच अनुमानास आधार मिळेल. नाम हे पुराव्याचे सूचक असते. ते स्वतः पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

या विवेचनास व्यावहारिक महत्त्वही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. आराखड्याची भाषा सर्व्हे क्रमांकांची असते. रहिवाशाची भाषा नाल्याची, पाटाची, देवळाची असते. ज्यास नकाशावर आपली जागा ओळखता येत नाही, त्याचा हरकतीचा अधिकार कागदावरच राहतो. १८७२ च्या महापुरात धुळ्याची मोठी हानी झाली होती. अशा नगरात ‘मोती नाला’ किंवा जळगावातील ‘लेंडी नाला’ ही नावे केवळ पत्त्यापुरती नाहीत. पाण्याची वाट कोठून जाते हे ती सांगतात. नाव नकाशावरून गेले, की ही माहितीही त्याबरोबर जाते.

यास्तव नवसंशोधकाने आपले पहिले काम एका साध्या कोष्टकाच्या रूपाने मांडावे. नाव उच्चारले जाते तसे प्रथम लिहावे. सांगणारा अहिराणी बोलत असो वा लेवा बोली, त्याचे रूप प्रमाण करून घेऊ नये. त्यापुढे दप्तरातील लेखी रूपे सालवार द्यावीत, नंतर सर्व्हे क्रमांक, आणि अखेरीस स्वतःचे अनुमान निराळ्या रकान्यात नोंदवावे. असे कोष्टक अपूर्ण असले तरी इतरांस उपयोगी पडते, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासता येते. प्रबंध पूर्ण होईपर्यंत ते कपाटात ठेवू नये. विभागातील चर्चेत ते वाचावे, आणि तत्पूर्वी ज्या गल्लीतून ती नावे मिळाली तेथील जाणत्या माणसांसमोर मराठीत वाचावे. आराखड्यावर हरकत घेण्याची वेळ येईल तेव्हा तेच कोष्टक त्यांच्याही हाती असेल.