हा डबा आता कुणाचा?



गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या आम्ही दहा-बारा जणी नागपूरला गेलो होतो. काम बँकेचं होतं, ते दुपारीच आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहायला गेलो. आपल्या भागातली छोटी लाइन तुम्हांला आठवतच असेल. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, आणि गाडी अशी सावकाश की बोरं तोडून पुन्हा चढता येईल, असं म्हातारी माणसं सांगायची. त्या लाइनीच्या आठवणी जपायला 2002 साली हे संग्रहालय सुरू झालं.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू एका डब्यापाशी थांबल्या. छिंदवाड्याकडच्या माहेराहून नवी नवरी म्हणून त्या अशाच डब्यात बसून सासरी आल्या होत्या. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हा डबा आता कुणाचा गं?"

एक जण म्हणाली, सरकारचा. दुसरी म्हणाली, म्युझियमचा. तिसरी म्हणाली, आपल्या सगळ्यांचा. तिघींची उत्तरं तीन. तेव्हा वाटलं, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. जुना डबा टिकतो की भंगारात जातो, हे बरंचसं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू या.

आधी आपल्या देशातलं पाहू. नागपूर-छिंदवाडा ही छोटी लाइन बांधली बंगाल नागपूर रेल्वे नावाच्या कंपनीनं. तेव्हा रूळ, इंजिनं, डबे सगळं कंपनीच्या कारभारात होतं. 1944 साली सरकारनं ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. 2015 साली मोठी लाइन टाकायची म्हणून छोटी गाडी बंद झाली. पण एवढ्या वर्षांत डब्यात बसणाऱ्या बाईला मालक बदलला हे कळलंही नाही. तिच्यासाठी ती आपली छोटी गाडीच होती.

राजेमहाराजांच्या डब्यांचंही असंच झालं. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ते 1 फेब्रुवारी 1977 ला सुरू झालं. ते रेल्वे मंत्रालयाचं आहे. तिथं 1875 चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून आहे. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा भारतात आला, तेव्हा त्याच्यासाठी तो बनवला होता. म्हैसूरच्या महाराजांचा 1899 चा सलूनही तिथं आहे. सलून म्हणजे एकाच बड्या माणसासाठी बनवलेला, बैठकीचा आणि झोपायचा थाट असलेला डबा. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, 1950 च्या सुमारास त्यांच्या रेल्वेही भारतीय रेल्वेत आल्या. तेव्हा अशा डब्यांच्या बाबतीत आपल्याकडे उत्तर सोपं आहे. डबा रेल्वेचा, संग्रहालयही रेल्वेचं.

सोपं आहे, पण त्यात एक मेख आहे. रोजच्या वापरातल्या डब्याचं आयुष्य ठरलेलं असतं. ते संपलं की रेल्वे तो डबा बाद ठरवते, आणि बहुतेक बाद डबे लिलावात भंगार म्हणून जातात. संग्रहालयात पाठवायचा की लिलावात, हे मालकच ठरवतो. त्या वेळी कार्यालयात एखादा जाणता माणूस असला, "हा एक तरी ठेवू या" असं म्हणाला, तर डबा वाचतो. नाहीतर लोखंडाच्या भावानं जातो.

इंग्लंड-अमेरिकेत जुने डबे जपणारी कितीतरी संग्रहालयं हौशी मंडळींनी, वर्गणी काढून उभी केलेली आहेत. तिथं मालकीचा गुंता वेगळा. एकाच आवारात उभे असलेले डबे वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात. हे आपल्या घरातल्या उदाहरणानं बघा.

तुमच्या कपाटात तीन पैठण्या आहेत. पहिली तुमच्या आईनं तुम्हांला दिली. ती तुमचीच. दुसरी जावेची. तिच्या घरी वाळवी लागली म्हणून तिनं तुमच्याकडे ठेवायला दिली. ती नेसायची तर तिला विचारावं लागेल, आणि उद्या तिनं मागितली तर परत द्यावी लागेल. तिसरी कुणाची ते आठवतच नाही. सासूबाईंच्या वेळेपासून पडून आहे. कपाट तुमचं, पण तिन्ही पैठण्या तुमच्या नव्हेत.

संग्रहालयातही हे तीन प्रकार असतात. काही डबे संग्रहालयानं विकत घेतलेले किंवा कुणी कायमचे दिलेले. काही मुदतीवर ठेवायला दिलेले. मालक दुसरी संस्था किंवा एखादा हौशी माणूस, जागा फक्त संग्रहालयाची. आणि काहींचा कागदच सापडत नाही. सगळ्यांत हाल या तिसऱ्या प्रकाराचे होतात. छप्पर गळतंय हे सगळ्यांना दिसतं, पण खर्च कुणी करायचा? दुरुस्तीवर पैसा घातला आणि उद्या कुणाचा वारस दारात उभा राहिला तर? म्हणून कुणीच हात लावत नाही, आणि चार पावसाळ्यांत डबा बसतो. हल्लीची जबाबदार संग्रहालयं म्हणूनच डबा घेण्याआधी कागद पक्का करतात. दिला तो कायमचा की मुदतीचा, काही अट आहे का, दुरुस्ती कुणाकडे, हे सगळं लिहून घेतात.

कागद पक्का असला तरी मालकाला मन मानेल तसं वागता येतं का? जगभरच्या संग्रहालयांनी मान्य केलेली एक आचारसंहिता आहे. एखादी वस्तू आपल्याला सांभाळणं जमत नसेल, तर आधी दुसऱ्या संग्रहालयाला विचारावं. विकलीच तर आलेला पैसा संग्रहातल्या वस्तूंसाठीच वापरावा, विजेचं बिल भरायला नव्हे. घरातलं सोनं मोडायची वेळ आली तर आपणही आधी घरातच विचारतो, तसंच हे.

ब्रिटननं तर यासाठी कायदाच केला. 1990 च्या दशकात तिथली सरकारी रेल्वे खाजगी कंपन्यांत वाटली गेली. आता जुने डबे, जुनी कागदपत्रं कुणीही विकून टाकील, अशी धास्ती वाटू लागली. म्हणून 1996 च्या कायद्यानं एका समितीला अधिकार दिला. समितीनं रेल्वेकडच्या एखाद्या वस्तूवर वारसा म्हणून बोट ठेवलं, की ती परवानगीशिवाय कुणाच्या हाती देता येत नाही. 2013 पासून हा अधिकार तिथल्या सायन्स म्युझियमकडे आहे. म्हणजे मालकी एकाची राहते, पण त्या वस्तूवर सगळ्यांचाही थोडा हक्क आहे, हे कायद्यानं मानलं.

आता एका डब्याची गोष्ट सांगते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनं 1892 साली पहिल्या वर्गाचा एक डबा बनवून घेतला. क्रमांक 353. पंधरा वर्षांनी, 1907 साली, तो एका छोट्या ग्रामीण रेल्वेला विकला. ती रेल्वे 1940 साली बंद पडली. मग डबा चाकांवरून उतरला आणि एका गावात शिंप्याचं दुकान झाला. जिथं लंडनचे साहेब बसले, तिथं कापडाचे तागे आणि शिवणयंत्र आलं. 1974 साली लंडनच्या वाहतूक संग्रहालयानं तो मिळवला, पण नीट दुरुस्त व्हायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. वेल्समधल्या एका जुन्या रेल्वे कारखान्यातल्या कारागिरांनी तो पुन्हा उभा केला. लंडनच्या भुयारी रेल्वेला दीडशे वर्षं झाली त्या वेळी, जानेवारी 2013 मध्ये, हा डबा वाफेच्या इंजिनामागून पुन्हा भुयारातून धावला.

मला या गोष्टीत शिंपीदादांचं फार कौतुक वाटतं. त्यांना वारसा वगैरे जपायचा नव्हता. त्यांना दुकानाला छप्पर हवं होतं. पण छप्पर गळलं की धंदा बुडतो, म्हणून त्या जागेची काळजी घेतली गेली, आणि डबा जगला. ब्रिटनमध्ये असे कितीतरी जुने डबे घरं, खोपटी, कोंबड्यांची खुराडी होऊन वाचले. आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर 2021 साली एका जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झालं. वापरातली वस्तू टिकते, हे आपल्याला पाटा-वरवंट्यावरून ठाऊक आहेच.

पण वापरानं वस्तू झिजतेही. म्हणून संग्रहालयांत एक वाद कायम चालू असतो. डबा चालवायचा की नुसता ठेवायचा? पैठणी नेसायची की घडी करून ठेवायची? चालवला तर लोकांना तो खराखुरा कळतो, तिकिटाचे पैसेही येतात. पण कुजलेली फळी बदला, बाकाचं कापड बदला, चाकं बदला, असं करता करता जुनं किती उरलं, हा प्रश्न येतो. ठेवला तर जुनं लाकूड, जुना रंग शाबूत राहतो, पण लोकांना काचेपलीकडूनच पाहावं लागतं. म्हणून शहाणी संग्रहालयं आधी प्रत्येक भागाचे फोटो काढतात, नोंदी करतात, रंगाचे थर खरवडून खालचा मूळ रंग शोधतात, आणि नवं काय घातलं ते लिहून ठेवतात.

आणि ठेवणं म्हणजे नुसतं उभं करणं नव्हे. जुन्या लाकडी डब्याचा पहिला शत्रू पाणी. बऱ्याच डब्यांची छपरं लाकडी फळ्यांवर जाड कापड ताणून, वर रंग देऊन केलेली असत. त्या कापडाला चीर पडली की पाणी आतल्या आत झिरपतं. बाहेरून डबा चकचकीत, आतून खांब कुजलेले. दुसरा शत्रू ऊन. त्यानं रेशीम विटतं आणि जिरतं. तिसरे उंदीर आणि कसर. म्हणजे आपण जरीच्या साडीला जे करतो, तेच डब्याला करायचं. ऊन नको, ओल नको, अधूनमधून उघडून बघायचं. म्हणून जाणकार सांगतात, एक डबा कमी घ्या, पण आधी शेड बांधा.

आता शेवटचं आणि मनाला लागलेलं. इंग्लंडात यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात राणी व्हिक्टोरियाचा 1869 चा सलून आहे. त्याला 1,800 पौंड खर्च आला, त्यातले 800 राणीनं स्वतःच्या पैशांतून दिले. निळं रेशीम, मऊ कोच, सगळं जपलेलं आहे. जपलं जाणारच होतं. राणीचा डबा भंगारात घालायचं धाडस कोण करील? पण तिसऱ्या वर्गाच्या जनाना डब्यातला लाकडी बाक, ज्यावर बायांनी लेकरं निजवली, भाकरी सोडली, माहेर सुटताना डोळे पुसले, तो जपावा असं फार थोड्यांना वाटलं. 1974 साली आपल्याकडचा तिसरा वर्गच गेला. ते डबे लाखो बायांनी वापरले, आणि म्हणूनच ते कुणा एकीचे झाले नाहीत.

मोतीबागेत काकूंना आम्ही तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. काकू, कागदावर तो डबा रेल्वेचा आहे, आणि तो कागद पक्का आहे म्हणूनच तो वाचलाय. पण तुमचं त्यातून सासरी येणं, सोबत कोण होतं, शिदोरीत काय होतं, बायांना बसायला जागा कशी मिळे, हे कुठल्याच कागदावर नाही. ते तुमचं आहे. ते तुम्ही सांगितलं नाही, तर तो डबा नुसतं लाकूड-लोखंड राहील.

म्हणून मैत्रिणींनो, घरातल्या थोरल्या बाईला आज विचारा, पहिल्यांदा आगगाडीत कधी बसलीस? ती सांगेल ते वहीत उतरवा, जुनं तिकीट, जुना फोटो असेल तर मागे तारीख आणि गाव लिहा. आणि कधी संग्रहालयात गेलात, तर डब्यावरची पाटी वाचा. पाटीवर राजाचं नाव असेल, तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, "दादा, आमच्या आज्या बसायच्या तो डबा कुठं आहे?"