उंबरखिंड : हेरांनी आधीच जिंकलेली लढाई

रोहा तालुक्यातल्या नागोठण्याहून अंबा नदीच्या उगमाकडे निघालं, की आधी पाली लागते, मग 1989 च्या महापुरानं उद्ध्वस्त केलेलं जांभूळपाडा. त्याही पुढे, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, खालापूर तालुक्यात चावणी गाव आहे. इथेच नदीपात्रातल्या कातळावर उंबरखिंडीचं विजयस्मारक उभं आहे. हीच नदी पुढे पेणच्या बाजूनं धरमतर खाडीला मिळते.

वॉशिंग्टनमध्ये 2002 साली हेरगिरीचं मोठं संग्रहालय उघडलं. तिथे काचेच्या कपाटांत हेरांची गुप्त साधनं मांडली आहेत. आपल्या हेरांचं असं काहीच मागे उरलेलं नाही. त्यांचं काम पाहायचं तर या खिंडीतच यावं लागतं.

1661 च्या आरंभी पुण्यात तळ ठोकून बसलेल्या मुघल सरदार शाइस्ताखानानं कारतलबखानाला कोकणात धाडलं. कल्याण, पनवेल, नागोठणे हा मुलूख त्याला हवा होता. सोबत माहूरची रायबागन होती. मूळची सावित्रीबाई देशमुख. ‘रायबागन’ हा औरंगजेबानं दिलेला किताब. लोहगडाच्या बाजूनं कुरवंडे घाटाची अवघड वाट धरली, तर मराठ्यांना सुगावा लागणार नाही, असा कारतलबखानाचा होरा होता.

पण फौज घाटमाथ्यावर पोचण्याआधीच तिची वाट शिवाजी महाराजांना ठाऊक झाली होती. माझ्या मते लढाई तिथेच संपली. पुढचं सगळं तडीस नेणं होतं, आणि तेही देखणं. मराठे झाडीत दबा धरून बसले. खानाची फौज तोफा, ओझी, जनावरं घेऊन नळीसारख्या वाटेत पुरती शिरेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. मग 2 फेब्रुवारीला पुढून महाराज, मागून नेताजी पालकर. वारा लागेना, पाणी मिळेना. शेवटी रायबागननंच खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी कबूल करून, सामानसुमान टाकून, खान जीव घेऊन परतला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग तपशिलानं आला आहे.

ही बातमी नेमकी कुणी आणली? हेरप्रमुख म्हणून बहिर्जी नाईकांचं नाव आपल्याला पाठ आहे. सुरतेच्या प्रसंगात सभासद बखरीत ते ‘जासूद’ म्हणून भेटतात. पण घाटमाथ्यावर उन्हातान्हात फौजेच्या मागावर राहिलेले, धावत खाली आलेले ते जासूद कोण होते? त्यांच्यासाठी पाली किंवा नागोठण्यात एखादं छोटं दालन उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. नजरबाज, हरकारे हे हेरांसाठीचे जुने शब्द, घाटवाटांचे नकाशे आणि ‘शिवभारता’तलं वर्णन, एवढ्यावरही ते उभं राहील.

तोवर फेब्रुवारीत या. नदीला पाणी कमी असतं, कातळ उघडा पडलेला असतो. स्मारकापाशी उभं राहून वर नागफणीच्या सुळक्याकडे पाहा, आणि शक्य असेल तर कुरवंडे घाटाच्या वाटेनं निदान तासभर चढा. दोन्ही अंगांना झाडी जवळ येत जाते. दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो.