विश्लेषण : धाकटे घरात आले आणि थोरल्याची शू पुन्हा चड्डीत... असे का होते?

दुपारची वेळ. बाळ नुकते दुधाला लागलेले असते आणि नेमकी तेव्हाच अडीच वर्षांची ताई हॉलच्या मधोमध उभी राहून शू करते. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ‘आई, शू आली’ म्हणत स्वतः बाथरूमकडे पळणारी हीच मुलगी. आईने उठावे तर बाळ रडणार, न उठावे तर ताई त्याच ओल्या फरशीवर घसरणार. दुसऱ्या बाळंतपणानंतर असंख्य घरांत हे घडते आणि घरातल्या मोठ्यांचा निष्कर्ष बहुधा एकच असतो : ‘मुद्दाम करते!’ तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी का येतात?

यात योगायोग फारसा नाही. एका बाळाच्या जन्मानंतर पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. त्यात गरोदरपणाचे नऊ महिने धरले तर धाकटे येते तेव्हा थोरले साधारण पावणेतीन वर्षांचे असते. प्रत्यक्षात अनेक घरांत अंतर याहून कमीच असते. शी-शूवर ताबा येण्याचे वयही बहुतेक मुलांत दोन ते तीन वर्षांचेच. त्यात प्लेग्रुपच्या प्रवेशाची घाई, ‘मूल शी-शू सांगणारे हवे’ ही अनेक ठिकाणची अट आणि दोन मुलांच्या डायपरचा खर्च. त्यामुळे ‘बाळ यायच्या आत हिचे डायपर सुटलेच पाहिजे’ असा निश्चय सातव्या महिन्यात केला जातो.

सांगणारे मूल पुन्हा का विसरते?

ते विसरत नाही. ताण आला की लहान मुले सर्वात अलीकडे शिकलेली गोष्ट सर्वात आधी सोडतात. ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक या संशोधकांनी इंग्लंडमधील केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांचे दुसऱ्या मुलाच्या जन्माआधी आणि नंतर निरीक्षण केले होते. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. थोरली मुले अधिक रडवी, हट्टी झाली, काहींची शी-शूची सवय मोडली. आणि आई बाळात गुंतलेली असताना खोड्या वाढल्या, असे त्यात दिसले. मात्र याच काळात काही मुले आपले आपण खाऊ-पिऊ लागली, हेही त्यांनी नोंदवले.

मुलाच्या जागी उभे राहून पाहिले तर हिशेब सोपा आहे. जे लोळते, रडते, दुपटे ओले करते त्याला दिवसभर मांडी मिळते. आणि जे शहाण्यासारखे सांगते त्याला ‘तू आता दादा झालास ना, जा बघू एकटा’ एवढेच मिळते. मोठे होणे हा व्यवहारच तोट्याचा ठरतो. तेव्हा ‘एवढा घोडा झालास तरी’ हे वाक्य या काळात सर्वात निरुपयोगी आहे.

मग बाळ येण्याआधी शिकवावे की नंतर?

प्रसूतीला तीन-चार महिने असतील आणि मूल तयार दिसत असेल, तर आधी. शेवटचे दोन महिने उरले असतील आणि मूल तयार नसेल, तर सरळ थांबावे. घाईने शिकवलेले बाळ आल्यावर मोडते आणि तेच काम दुसऱ्यांदा, तेही बाळंतिणीच्या झोपमोडीत करावे लागते. बाळ आल्यावरही घराची घडी बसेपर्यंत दोन-तीन महिने नवी सुरुवात न केलेली बरी.

तयारी वयावरून नव्हे, खुणांवरून ओळखावी. दोन तास डायपर कोरडे राहणे, ‘चप्पल आण’सारखी साधी सूचना समजणे, चड्डी खाली ओढता येणे. शी आली की पडद्यामागे किंवा पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहणे हीदेखील एक खूण आहे. शी येते आहे, हे मुलाला कळते असा तिचा अर्थ. मुलाच्या कलाने घ्यावे, ही पद्धत अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या अनुभवावरून मांडली. आज बालरोगतज्ज्ञ देतात तो सल्ला बराचसा त्याच वाटेने जातो.

‘आमची मुले वर्षाच्या आत सांगायची’ हे खोटे का?

खोटे नाही, पण वेगळे आहे. आजी तान्ह्याला दोन पावलांवर बसवून तोंडाने ‘शूऽऽ’ करायची आणि मूल करायचे. लंगोटात ओले लगेच कळत असे, घरात लक्ष ठेवायला दोन-तीन बायका असत आणि बाळाची वेळ त्यांना पाठ असे. म्हणजे वेळ सांभाळायची ती मोठ्यांनी. मुलाने स्वतः ओळखून, थांबवून, जागेवर जाऊन करणे ही नंतरची पायरी. आजच्या डायपरमध्ये ओलेपणा फारसा जाणवत नाही, म्हणून ती आणखी उशिरा येते. आजीची पद्धत वाईट नव्हे. तिला लागणारे मनुष्यबळ आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नाही, इतकेच.

तान्हे बाळ असताना दिवस कसा लावायचा?

नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा दूध पिते. घोटाळे बहुतेक याच वेळी होतात, म्हणून आखणीही त्याभोवतीच करावी. बाळ फारच भुकेजलेले नसेल तर दुधाला बसण्याआधी ‘आधी ताईची शू, मग बाळाचे दूध’ हा क्रम ठेवावा. यात सोय तर आहेच, शिवाय दिवसातून काही वेळा थोरल्याचा नंबर पहिला लागतो. छोटी पॉटी आई दूध पाजते त्याच खोलीत ठेवावी. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे नाश्ता आणि जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत पाच मिनिटे बसवावे. शी झाली नाही तर उठू द्यावे, ताटकळत ठेवू नये.

बाथरूमची जबाबदारी बाबा, आजी किंवा आजोबांकडे देणे उत्तम, पण प्रसूतीच्या आधीपासून. बाळ आल्यावर एकाएकी आईच्या जागी बाबा दिसला तर ‘आईच पाहिजे’ हा आक्रोश ठरलेला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची आहे, खासगी नोकरीत कंपनी देईल तितकी. मोडलेली सवय सावरायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. त्यामुळे सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वीची आणि रात्री झोपण्यापूर्वीची फेरी बाबांची, एवढे ठरले तरी आईचा भार हलका होतो. सिझेरियन झालेल्या आईने तर थोरल्याला उचलून कमोडवर बसवूच नये. कमोडवर मुलांसाठीची छोटी सीट आणि खाली पाट किंवा स्टूल ठेवावे. पाय टेकले की मुलाची भीती कमी होते आणि शी करताना जोरही नीट लागतो.

चड्डी ओली झालीच तर? ‘शू झाली. चल, बदलू.’ बस्स. ओली चड्डी बादलीत मुलालाच टाकू द्यावी, शिक्षा म्हणून नव्हे, कामात सहभाग म्हणून. शेजाऱ्यांसमोर किंवा व्हिडीओ कॉलवर मावशीला त्याची गंमत सांगू नये. नंतर साबणाने हात मात्र सर्वांनी धुवावेत. तेच हात लगेच बाळाला लागतात आणि त्याची नाळ अजून सुकायची असते.

आठवडाभर रोजच भांडण होत असेल तर थोरल्याला पुन्हा डायपर लावायला हरकत नाही. तो पराभव मानू नये. महिना-दीड महिन्याने पुन्हा सुरू करता येते.

शूपेक्षा शीकडे लक्ष का हवे?

ओली फरशी पुसता येते, पण मूल शी धरून ठेवू लागले की खरी अडचण सुरू होते. रागावण्याच्या भीतीने, किंवा एकदा कडक शी होऊन दुखले म्हणून मूल पाय आवळून, टाचा उंचावून उभे राहते. घरच्यांना वाटते ते जोर लावते आहे; प्रत्यक्षात ते रोखत असते. आत साठलेली शी आणखी कडक होते, मलाशय ताणले जाते आणि आल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी नकळत चड्डीत झिरपते. तिला जुलाब समजून भलतेच औषध दिले जाते किंवा ‘आळशीपणा’ समजून रट्टे. भरलेले मलाशय मूत्राशयावरही दाबते, म्हणून शूचे घोटाळेही वाढतात.

बाळंतिणीच्या घरात थोरल्याच्या जेवणाकडे दुर्लक्ष होते. बिस्किटे आणि दुधाच्या बाटलीवर दिवस निघतो. दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवावे, पाणी, फळे, भाजी, डाळ वाढवावी. साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ गुदद्वारात घालण्याचा उपाय अजूनही केला जातो. त्याने इजा होऊ शकते आणि भीती तर नक्की वाढते. एरंडेलही मनाने देऊ नये. बालरोगतज्ज्ञ शी मऊ ठेवणारे औषध देतात. ते काही आठवडे, कधी काही महिनेही घ्यावे लागते आणि दोन दिवस बरे वाटले म्हणून बंद करायचे नसते.

रात्रीचे काय?

रात्रीचा ताबा वेगळा आणि उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे आजार मानला जात नाही. रात्री डायपर किंवा मेणकापड खुशाल वापरावे. बाळासाठी आई रात्रभर उठतेच आहे, त्यात थोरल्याला उठवण्याची भर नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रत्येक घोटाळा मत्सरातून होत नाही. शू करताना जळजळ, ताप, वास किंवा दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब होत असेल तर लघवीची तपासणी करावी. मुलींमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग अधिक आढळतो, म्हणून त्यांना धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यावा. सांगणारे मूल अचानक खूप शू करू लागले, सतत पाणी मागू लागले आणि वजन उतरू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. लहान मुलांतील मधुमेहाची ही पहिली खूण असू शकते. शीत रक्त, फुगलेले पोट किंवा तीन-चार दिवस शी न होणे यासाठीही बाळाच्या लसीकरणाच्या तारखेची वाट पाहू नये.