वाहतुकीची कोंडी : एका रूपकाची मर्यादा

वाहतुकीचा 'प्रवाह' आणि वाहतुकीची 'कोंडी' हे शब्दप्रयोग मराठीत इतके रुळले आहेत की, त्यांतील रूपक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जे कोंडले आहे त्यास वाट करून दिली की ते मोकळे होते, ही समजूत 'कोंडी' या शब्दाच्या पोटातच आहे. इंग्रजीतही अरुंद जागेला बाटलीचा गळाच म्हणतात. त्यामुळे रस्ता अपुरा पडला की तो रुंद करावा, किंवा शेजारून दुसरा काढावा, हा उपाय फारशा युक्तिवादावाचून पटतो आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्ची पडतो. परंतु वाहने म्हणजे पाणी नव्हे. आणि हे साम्य जेथे संपते तेथेच प्रश्नाचे मर्म आहे.

नळ रुंद केल्याने तलावातील पाणी वाढत नाही. रस्ता रुंद केल्याने वाहने मात्र वाढतात. गर्दीच्या भयाने जे अन्य वेळी निघत, आगगाडीने जात किंवा घरीच राहत, ते सर्व नव्या रस्त्यावर येतात. अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली हा नियम मांडला. पुढे २०११ साली ड्युरांटन व टर्नर यांनी अमेरिकेतील महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढल्याचे दिसून आले. लंडनभोवतीचा सुमारे १८८ किलोमीटरचा एम-२५ हा वर्तुळमार्ग १९८६ साली पुरा झाला आणि अल्पावधीतच तो अपुरा पडू लागला. हीथ्रो विमानतळानजीकचा भाग २००५ साली दहा ते बारा मार्गिकांचा करण्यात आला. तेथील गर्दी तरीही हटलेली नाही. अर्थात अधिक लोकांना प्रवास करता आला, हा लाभ खोटा नव्हे. त्यास कोंडी फुटणे म्हणता येत नाही, इतकेच.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. पाण्याच्या थेंबाला भय नसते. चालकाला असते, म्हणून वेग वाढला की तो पुढच्या गाडीपासूनचे अंतरही वाढवतो. प्रत्येक चालक दोन सेकंदांचे अंतर राखतो आणि गाडीची लांबी पाच मीटर आहे, असे धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने एका मार्गिकेवरून तासाला सुमारे १,६२० गाड्या जातील. ११० च्या वेगाने सुमारे १,६६५. वेग तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढला, पण वाहनसंख्या तीन टक्केच! उलट थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते राखू गेल्यास जलद रस्त्यावरून कमीच गाड्या जातील. न राखल्यास एकाने किंचित ब्रेक दाबताच मागचा अधिक जोराने दाबतो, त्याच्या मागचा त्याहून अधिक. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळावर २२ गाड्या समान वेगाने चालवण्यास सांगितले होते. वाटेत कसलाही अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात गाड्या थांबू लागल्या, आणि तो खोळंबा लाटेसारखा ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिला. येथे कोंडणारे कोणीच नव्हते. म्हणून 'खोळंबा' हाच शब्द येथे अधिक नेमका वाटतो.

याच तत्त्वावर १९९५ साली एम-२५ च्या नैर्ऋत्य भागात बदलती वेगमर्यादा लागू झाली. रस्त्यातील यंत्रे गाड्यांची संख्या व वेग मोजतात. गर्दी दाटू लागताच ताशी ७० मैलांची मर्यादा ६० वर, मग ५० वर आणली जाते व कमानींवर झळकते. कॅमेरे नसते तर ती सूचना बहुतेकांनी केवळ सल्ला म्हणून वाचली असती. तेथे अपघात घटले, गाड्यांची चाल समतोल झाली. रस्त्याची धारणाशक्ती मात्र थोडीच वाढली. वाहने रस्त्याच्या शक्तीबाहेर गेली की कोणतीही वेगमर्यादा निरुपयोगी ठरते, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी स्पष्टपणे सांगावयास हवे.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कार्यान्वित झालेल्या कॅमेऱ्यांची गणना याच उपायात करणे ही गल्लत होय. तेथील वेगमर्यादा गर्दीनुसार बदलत नाहीत. कॅमेऱ्यांचा मुख्य रोख अपघातांवर आणि नियमभंगावर आहे. बोरघाटातील खोळंब्याचे कारणही निराळे आहे : चढावर मंदावणारी अवजड वाहने, आणि जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग यांनी काही अंतर एकच रस्ता वापरणे. तेथे नव्या रस्त्याची बाजू लंडनपेक्षा निश्चितच बळकट आहे.